आर्वो कांगासचा अखंड शर्ट

शिकारीच्या कॅम्पवरच्या खोपटात, आतल्या भिंतीवर, चुलीच्या वरच्या अंगाला, शर्टांची शेपटं ठोकलेली आहेत. चौकड्यांची, जाड लोकरीची, एक मळकट हिरवं, एक तर चक्क लग्नातल्या पांढऱ्या शर्टाचं. समोर हरीण उभं असताना ज्याची गोळी वाया गेली, त्यानं त्या संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मग बाकीच्यांनी त्याच्या शर्टाचा मागचा भाग कात्रीनं कापायचा, त्यावर नाव घालायचं आणि खिळा ठोकायचा. बापजाद्यांपासून हेच चालत आलेलं आहे. धुरानं सगळी शेपटं आता एकाच रंगाची झाली आहेत. माणसं गेली, त्यांच्या चुका तिथे लोंबत राहिल्या. दार उघडलं की सरोवरावरून आलेला वारा त्यांना जरासा हलवून जातो.

त्या भिंतीवर आर्वो कांगासचं शेपूट नव्हतं.

म्हणजे आर्वो मोठा नेमबाज होता असं कुणी समजू नये. आर्वो गोळीच झाडत नसे. हरीण इतकं जवळ यायला हवं, की त्याला आर्वोच्या थर्मासमधल्या कॉफीचा वास यावा. तसं ते कधीतरीच येई, आणि मग ते कुणाच्याही हातून चुकलं नसतं. बाकी सगळा मोसम तो झाडाखाली बसून बर्फाकडे बघत राही. त्याचा मेहुणा सुलो म्हणायचा, "आर्वो हरणं मारत नाही, हरणं त्याला म्हातारपणी आत्महत्येसाठी वापरतात."

पण कात्री आर्वोची होती. दर मोसमात तो ती बायकोच्या शिवणाच्या डब्यातून आणायचा, आणि दुसऱ्याच्या पाठीमागे उभा राहून ती दोनदा हवेत वाजवायचा. त्या आवाजात त्याला जे सुख मिळे ते चर्चमध्ये कधी मिळालं नव्हतं.

हा मान त्याला मिळाला होता काडतुसांमुळे. कॅम्पमधल्या सगळ्यांची काडतुसं आर्वो घरी भरायचा. तळघरात त्याचं टेबल होतं, त्यावर लोखंडी प्रेस बोल्टानं घट्ट बसवलेली. झाडलेल्या पुंगळ्या तो जमवून ठेवी, अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात घोळवून आरशासारख्या चमकवी, बुडाशी नवी टिकली बसवी, आत मोजून दारू घाली, वर गोळी दाबी. टिकली म्हणजे मसुराच्या दाण्याहून जराशी मोठी पितळी वाटी. बंदुकीची पिन तिच्यावर आपटली की ती ठिणगी टाकते आणि दारू पेटते. शेवटी प्रत्येक टिकलीच्या कडेनं तो लाल नेलपॉलिशचा एक बारीक थेंब फिरवायचा, ओल आत जाऊ नये म्हणून. ते नेलपॉलिश दर शरदात आयली विकत आणायची. आयली, म्हणजे त्याची बायको, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली बाई. तिच्या नखांना पिठाखेरीज कधी काही लागलेलं नव्हतं. पण औषधाच्या दुकानातली मुलगी समजे की म्हातारी कांगासबाई वर्षातून एकदा रंगात येते.

गावातली खाण चालू होती तोवर सुरुंगाच्या दारूच्या कोठीची किल्ली आर्वोच्या कमरेला असे. खाण बंद झाली, किल्ली गेली, पण कोठी त्याच्या अंगात तशीच राहिली. टेबलावर एका वेळी एकाच जातीच्या टिकल्या. दुसऱ्या जातीच्या कपाटात, आपापल्या डबीत. उघडी थाळी सोडून उठायचं नाही. आणि दोन जाती मिसळल्या तर दोन्ही फेकायच्या, विचार करत बसायचं नाही. हा शेवटचा नियम तो इतक्यांदा सांगे की कॅम्पमधला कुत्राही त्या वेळी डोळे मिटून घेई.

सुलोनं एका वर्षी स्वतःची काडतुसं स्वतः भरायचा हट्ट धरला होता. तळघरात पाणी आलं, डब्या भिजल्या, म्हणून त्यानं दोन जातींच्या टिकल्या लोण्याच्या एकाच रिकाम्या डब्यात ओतल्या आणि वर कौतुकानं आर्वोला दाखवायला आणल्या. आर्वोनं तो डबा हातातून काढून घेतला. त्याच मोसमात, सुलोनं एकही हरीण चुकवलेलं नसताना, आर्वोनं नवा कायदा पुकारला. "हरीण चुकवणारा एक हरीण चुकवतो. टिकल्या मिसळणारा अख्ख्या कॅम्पला चुकवतो." आणि कात्री वाजवली. सुलोचं ते निळं शेपूट अजून भिंतीवर आहे. त्यावर नावाखाली 'टिकल्या' असं लिहिलेलं आहे, आर्वोच्या वळणदार अक्षरात.

यंदा मोसमाच्या तोंडावर, शनिवारी दुपारी, आर्वो टेबलाशी बसला होता. दोन डब्या उरल्या होत्या. एक साध्या टिकल्यांची, कॅम्पच्या जुन्या रायफलींसाठी. दुसरी जहाल टिकल्यांची, फक्त केनेथसाठी. केनेथ त्याचा जावई, डेट्रॉइटकडचा, मोटारींच्या कारखान्यातला. त्याच्याकडे अशी दांडगी रायफल होती की तिची गोळी हरणाला लागली तर हरणाचा शेजारीही आजारी पडावा. तिच्या लांबलचक पुंगळीत दारू फार, म्हणून तिला जहाल टिकली लागे.

आर्वोनं साध्या टिकल्या गोल प्लॅस्टिकच्या थाळीत ओतल्या. थाळी हलक्या हातानं हलवली की सगळ्या टिकल्या आपोआप एका बाजूला तोंड करून बसतात. ते बघायला त्याला आवडे. तेवढ्यात वरून आयलीची हाक आली.

"सौना तापलाय! येतोस की मी एकटीच उकडून घेऊ?"

शनिवारचा सौना, म्हणजे लाकडी खोलीतलं ते वाफेचं स्नान, चुकवणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. आर्वोनं थाळीवर झाकण ठेवलं आणि उठला.

तासाभरानं तो परत आला तो गुलाबी, मऊ, उकडलेल्या बटाट्यासारखा. चष्म्यावर वाफ. डोक्यात काहीच नाही. सौनानंतर डोक्यात काही असेल तर तो सौना नव्हे. टेबलावर झाकलेली थाळी होती, शेजारी एक डबी होती. आर्वोला वाटलं, ओतायच्या राहिल्या. त्यानं कपाटातली डबी काढली होती का टेबलावरचीच उचलली, हे नंतर त्याला कितीही आठवून आठवलं नाही. झाकण उचललं, डबी उपडी केली, थाळी हलक्या हातानं हलवली. सगळ्या टिकल्या एका बाजूला तोंड करून बसल्या. या वेळी थाळी जरा जास्तच भरली आहे, असं वाटून त्यानं चष्मा पुसला.

मग त्याला दुसरी रिकामी डबी दिसली.

तळघराच्या उंच खिडकीतून बर्फाचा पांढरा, थंड उजेड येत होता. थाळीत पितळी डोळे चमकत होते, सगळे सारखे, सगळे त्याच्याकडे बघणारे. त्यातले निम्मे सौम्य, निम्मे जहाल, आणि कोणते कोणते ते फक्त त्यांनाच माहीत.

आयली कॉफी घेऊन खाली आली तेव्हा आर्वो भिंग लावून टिकल्यांचे दोन ढीग करत होता. अगदी कडेनं, लाकडी चिमट्यानं, एकेक.

"हे काय नवीन?"

"काही नाही. निवडतोय."

"निवडतोयस?" आयलीनं कप ठेवला. थाळीकडे बघितलं, दोन रिकाम्या डब्यांकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. एवढं बघून झाल्यावर तिला विचारायचं काही राहिलं नाही. "अरे देवा. आर्वो, तू?"

"हळू बोल."

"कोण ऐकतंय इथे? लोणच्याच्या बरण्या?"

"जहाल टिकलीचं पितळ जरा काळपट असतं," आर्वो म्हणाला. "नीट बघितलं तर कळतं."

आयलीनं एक टिकली मुठीत घेतली, मग मूठ उघडून त्याच्यापुढे धरली. "ही कुठली?"

आर्वोनं भिंग धरलं. "साधी."

तिनं मूठ मिटली, पाठीमागे नेली, पुन्हा पुढे आणली. "आणि ही?"

"ही... जहाल. ही बघ, कडेला."

पुन्हा मूठ मागे, पुन्हा पुढे. "आणि ही?"

"साधी. शंभर टक्के."

"तिन्ही वेळा एकच होती," आयली म्हणाली. "कॉफी गार होतेय."

आर्वोनं भिंग खाली ठेवलं.

खरी गोष्ट अशी, की साध्या टिकलीसाठी मोजलेल्या दारूवर जहाल टिकली बसली तर बहुतेक वेळा काहीही होत नाही. गोळी जरा वर जाते, खांद्याला जरा जास्त धक्का बसतो. बहुतेक वेळा. कोठीत आर्वोनं आयुष्य काढलं ते या दोन शब्दांना दाराबाहेर ठेवून. त्याला कॅम्पमधल्या क्लाइव्ह ट्रेवॅरोची जुनी रायफल आठवली, त्याच्या आजोबांची, जिच्या नळीवर गंजानं नकाशा काढला होता. त्याला क्लाइव्हचा डोळा आठवला, नेम धरताना त्या रायफलीला टेकलेला.

त्यानं सगळ्या टिकल्या तेलाच्या बरणीत बुडवल्या, झाकण सैलसर लावलं, वर मोठ्या अक्षरात 'हात लावू नये' लिहिलं आणि बरणी उंच फळीवर ठेवली. मोसम संपला की नेमबाजीच्या क्लबातल्या माणसाकडे निकालात काढायला द्यायची होती. मग त्याला कॅम्पची भिंत आठवली, आणि कात्री.

"क्लाइव्हकडून नव्या घेऊन ये ना," आयली म्हणाली. गावात टिकल्या विकणारं दुकान एकच होतं आणि ते क्लाइव्हचं होतं.

"क्लाइव्हकडून? तो विचारेल, पहिल्या कुठे गेल्या."

"मग सांग."

"आयली, मी सुलोचं शेपूट कापलंय. याच गोष्टीसाठी."

"माहितीये. घरी येऊन माझ्या भावानं शर्ट माझ्याकडेच दिला होता शिवायला. दोन हिवाळे तुझं नाव नव्हता घेत." ती जिन्याकडे वळली. "नेलपॉलिश फळीवर आहे. तुझ्या नखांना लावणार असलास तर सांग, मला बघायचंय."

सोमवारी आर्वो गाडी काढून लांबच्या गावी गेला, जिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. तिथे टिकल्या नव्हत्या, पण कारखान्यात भरलेली तयार काडतुसं होती, कॅम्पच्या रायफलींची आणि केनेथच्या दांडग्या रायफलीचीही. ज्या वस्तूला तो आयुष्यभर 'डब्यातलं सूप' म्हणत आला, ती त्यानं कोटाखाली लपवून गाडीत आणली. खोकी सौनाच्या चुलीत जाळली. मग टेबलाशी बसून प्रत्येक काडतुसाच्या बुडाशी लाल थेंब फिरवला आणि ती आपल्या लाकडी पेट्यांत ओळीनं लावली. चकचकीत तर ती होतीच. आयली जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बटाटे सोलत हे बघत होती.

मोसम उघडायच्या आदल्या दुपारी सगळे कॅम्पवर जमले. आर्वो, सुलो, क्लाइव्ह आणि केनेथ. आयलीनं दिलेल्या पेस्ट्या, म्हणजे मोठे खारे कानवले, चुलीवर गरम होत होत्या, मांस आणि सलगमाचा वास खोपटभर पसरला होता. आर्वोनं पेट्या वाटल्या. एरवी तो वाटताना भाषण करी, या वर्षी नुसत्याच हातात दिल्या.

"तब्येत बरी आहे ना?" क्लाइव्हनं विचारलं.

"घसा बसलाय."

"देव आहे," सुलो म्हणाला.

मग सगळे मागच्या मोकळ्या जागेत गेले, रायफलींचा नेम तपासायला. झाडाच्या बुंध्याला कागद लावला होता. क्लाइव्हनं आजोबांची रायफल झाडली. कागदापाशी जाऊन भोकं बोटानं मोजून आला. मग म्हणाला, "माझं दुकान आहे, मी काडतुसं विकतो, तरी सांगतो. असलं काही मी विकत नाही. आर्वो, यंदा तुझ्या हाताला काय झालंय?"

"काही नाही झालं," आर्वो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

केनेथनं आपली दांडगी रायफल झाडली. झाडावरचा बर्फ खाली आला, कुत्रा खोपटात पळाला. तो कागद घेऊन आला. सगळी भोकं कॉफीच्या कपाखाली झाकली गेली असती.

"तुम्हाला एक सांगायचंय, रागावू नका," केनेथ म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मी येताना दुकानातलं एक खोकं आणलं होतं. म्हटलं, असावं जवळ. मघाशी तीही झाडून बघितली." त्यानं खिशातून खोकं काढलं. आर्वोनं ते ओळखलं. तसलंच खोकं त्यानं परवा चुलीत घातलं होतं, तोच कारखाना, तेच चित्र. "जमीन-अस्मानाचा फरक आहे. ही कुठेही जातात. तुमची म्हणजे... कसं सांगू, तुमच्या काडतुसाला माहिती असतं कुठे जायचंय ते."

आर्वोनं बर्फाकडे बघितलं. लांब, झाडांपलीकडे, सरोवर गोठायच्या आधीचं ते जड, करड्या पाण्याचं श्वास घेणं चालू होतं. एवढं तो सहन करू शकला असता. स्तुती माणूस बरीच पचवतो, खोटी असली तर अधिकच.

पण मग सुलो जवळ आला. सुलोनं आपला कागद घडी घालून खिशात ठेवला होता, लहान पोरानं शाळेतलं बक्षीस ठेवावं तसा. सुलो कधी गंभीर होत नसे. म्हणून तो झाला की बघवत नसे.

"आर्वो," तो म्हणाला, "त्या वर्षी तू माझं शेपूट कापलंस ना. मला तुझा खूप राग आला होता. बायकोला म्हटलं होतं, हा माणूस म्हणजे कोठीचं कुलूप आहे, आत काही नाही. आज हे बघितलं आणि वाटलं, बरोबर केलंस. अशी काडतुसं हवीत तर असाच माणूस हवा. झालं. एकदाच बोलणार, परत बोलणार नाही."

आणि त्यानं आर्वोच्या खांद्यावर हात ठेवला.

आर्वोनं तो हात हळूच खांद्यावरून काढला. मग वळला आणि खोपटात गेला. बाकीचे मागोमाग आले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलंय. आर्वोनं पिशवीच्या बाजूच्या कप्प्यातून कात्री काढली. दोनदा हवेत वाजवली, पण आवाज नेहमीचा आला नाही. मग ती उलटी करून, मुठीची बाजू पुढे, सुलोच्या हातात दिली.

"हे काय?"

"दुकानातली आहेत," आर्वो म्हणाला. "सगळी. वरचं नेलपॉलिश तेवढं माझं."

चुलीत लाकूड फुटलं.

"माझ्या टिकल्या बरणीत गेल्या. तेलाच्या. मी मिसळल्या टिकल्या. सौनाला गेलो, थाळी उघडी टाकून गेलो—"

"झाकण होतं का?" क्लाइव्हनं विचारलं.

"होतं."

"मग उघडी नव्हे."

"उठलो ना! थाळी भरलेली टाकून उठलो!" आर्वो ओरडला. स्वतःची बाजू घेतलेली त्याला सहन होईना. "परत आलो आणि वरून दुसरी डबी ओतली. आता काप."

केनेथनं हातातल्या खोक्याकडे बघितलं, मग लाकडी पेटीकडे, मग पुन्हा खोक्याकडे. "म्हणजे ही आणि ती..."

"एकच."

"पण मला फरक जाणवला!"

"जावईबापू," सुलो म्हणाला, "तुम्ही जरा बसा."

मग सुलो हसायला लागला. आधी खांदे हलले, मग पोट, मग तो टेबलाला धरून खाली बसला आणि डोळे पुसायला लागला. क्लाइव्ह दाराबाहेर जाऊन हसून आला, कारण त्याला शिष्टाचार ठाऊक होता. "मी खरंच बोललो होतो रे," सुलो धापा टाकत म्हणाला. "मनापासून! जन्मात पहिल्यांदा! परत घेतो. सगळं परत घेतो."

"घे."

"फेकल्यास का तरी?"

"लगेच. एकही भरली नाही."

सुलोचं हसणं थांबलं. त्यानं आर्वोकडे बघितलं. "निम्मं परत घेतो," तो म्हणाला. "भिंतीकडे तोंड कर."

आर्वोनं भिंतीकडे तोंड केलं. अंगात त्याचा तो लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरीचा शर्ट होता, निवृत्तीच्या दिवशी खाणीतल्या सोबत्यांनी दिलेला, आजवर कुठे उसवलाही नव्हता. समोर नाकापाशी शेपटं होती. बापाचं होतं, ते त्यानं इतक्या जवळून कधी वाचलं नव्हतं. मागे कात्री वाजली, दोनदा, अगदी आर्वोच्या ढंगात.

सुलोनं हात आखडता घेतला नाही. साधारणपणे वीतभर कापायची रीत. सुलोनं कंबरेपासून सुरुवात केली आणि तो पाठीच्या मधोमध येईपर्यंत बोलत राहिला. "हे साध्या टिकल्यांचं. आणि हे वरचं, जहाल टिकल्यांचं. आणि हा तुकडा दुकानाचा. केनेथ, हे खास तुझ्याकडून."

भलं मोठं शेपूट भिंतीवर चढलं, सुलोच्या निळ्या शेपटाला लागून. नावाखाली काय लिहायचं यावर वाद झाला. शेवटी सुलोनं लिहिलं, 'याच्याही'. ते वाचायला आधी निळं शेपूट वाचावं लागे, आणि त्याला तेच हवं होतं.

पेस्ट्या खाऊन झाल्या. जो तो बोलत होता आणि मध्येच कुणालातरी केनेथचं 'कुठे जायचंय ते माहिती असतं' आठवत होतं. आर्वोही एकदा हसला, थोडं, भिंतीकडे बघत. पाठीवर दाराच्या फटीतून थंडी येत होती, नेमकी कापलेल्या जागी. इतकी वर्षं या खोपटात तो वारा होता आणि त्याला तो कधी लागला नव्हता.

मोजे बदलावेत म्हणून त्यानं पिशवीत हात घातला. मोज्यांखाली काहीतरी कडक, सपाट लागलं. बाहेर काढलं तर त्याचा जुना करडा शर्ट होता, कोपरावर ठिगळं असलेला, गवत कापताना घालायचा. आयलीनं तो धुतला होता. नुसता धुतलाच नव्हता, तर इस्त्रीही केली होती, घड्या अशा की ब्रेड कापावा. त्या शर्टाला जन्मात कधी इस्त्री लागली नव्हती. कापून घ्यायला दिलेला होता, चांगला वाचावा म्हणून.

"काय आहे रे ते?" सुलोनं विचारलं.

"तुझी बहीण आहे," आर्वो म्हणाला, आणि करडा शर्ट फाटक्याच्या वरून चढवला.